क्रायो केलेली बॅरल: वर्षभराच्या वापरानंतर

माझ्या पॉइंट टू-टू रायफलच्या नव्या बॅरलला (नळीला) क्रायोजेनिक ट्रीटमेंटचे, म्हणजे स्टील अतिथंड करून घेण्याचे, वेगळे पैसे मोजले, त्याला आता वर्ष होत आलं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवल्यापासून बालेवाडीच्या रेंजवर नव्या पोरांचे पालक बारीकसारीक चौकशा करतात, त्यात बॅरल क्रायो करून घ्यावी का, हा प्रश्न हमखास असतो. माझं उत्तर सरळ आहे: बॅरल उत्तम, क्रायोचे पैसे पाण्यात.

मी क्रायोच्या विरोधातला नाही, उलट गिऱ्हाईक आहे. भोसरीत आमची छोटी टूलरूम आहे. डी-टू स्टीलचे ब्लँकिंग पंच (पत्रा कापायची हत्यारं) हार्डनिंग झाल्यावर आम्ही क्रायोला पाठवतो आणि ते बोथट होऊन ग्राइंडिंगला पूर्वीपेक्षा बरेच उशिरा येतात. त्याला कारणही आहे. डी-टूमध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम बारा टक्के. असं स्टील तापवून थंड केलं तरी त्यातलं सगळं मऊ ऑस्टेनाइट बदलून कडक मार्टेन्साइट होत नाही, काही मऊ भाग तसाच राहून जातो. तो बदलायला खोलीच्या तापमानाच्या खूप खाली जावं लागतं. लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो. जॉब सावकाश त्या थंडीपर्यंत न्यायचा, कित्येक तास ठेवायचा, सावकाश वर आणायचा आणि मग टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं. घाई केली की तडा.

आता बॅरल बघा. स्टील सहसा ४१४० नाहीतर ४१६ स्टेनलेस. पहिल्यात कार्बन ०.४ टक्के, दुसऱ्यात फार तर ०.१५. त्यात ती चढ्या तापमानाला टेंपर करून कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर तिशीच्या आसपास आणलेली असते. आमचा पंच साठीला असतो. बॅरलमध्ये उरलेलं ऑस्टेनाइट नावालाच, मग नायट्रोजननं बदलायचं तरी काय?

यावर विकणारा ताणाचा मुद्दा काढतो. बटन रायफलिंगमध्ये बॅरलच्या आतले पिळदार खाचे पाडायला कार्बाइडचं बटन भोकातून दाबून खेचतात, त्यामुळे धातूत ताण राहतो, हे खरंच आहे. पण चांगले बॅरलवाले तो ताण भट्टीत, पाचशे-सहाशे अंशांना ठेवून काढतात. त्या तापमानाला स्टील मऊ पडतं म्हणून ताण सैलावतो. थंडीत स्टील उलट आणखी ताठ होतं. राहता राहिलं बॅरल तापल्यावर ग्रुप (टार्गेटवरचा भोकांचा पुंजका) सरकणं. ते दुखणं जास्त दाबाची काडतुसं मारणाऱ्या सेंटरफायरवाल्यांचं. प्रोनच्या (पालथं झोपून मारायच्या) मॅचमध्ये ५० मिनिटांत ६० गोळ्या मारून माझी बॅरल जेमतेम कोमट होते.

कागदावरचं सोडा, रेंजवर काय दिसलं? जुन्या बॅरलपेक्षा ग्रुप नक्कीच आवळले. मीही आधी खूश झालो, पण जुनी बॅरल झिजलेली होती, तिच्याशी तुलना करून काय कळणार! क्लबातल्या एका मित्राकडे त्याच मेकची, साधी बॅरल आहे. दोन्ही क्लँपमध्ये लावून एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) गोळ्या मारल्या. टार्गेट एकावर एक धरून उजेडाकडे केली, तर कुठलं कोणाचं हे दोघांनाही सांगता येईना. मग माझ्याच बॅरलमधून दुसरा लॉट मारला. तोच मेक, तसाच डबा, फक्त लॉट नंबर वेगळा, आणि लगेच कडेला दोन-तीन भोकं लांब जाऊन पडली. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं, तिथे एवढं पुरेसं महागात पडतं.

साफसफाई सोपी होते असंही ऐकवतात. चेंबरच्या पुढे कार्बनची काळी कडी धरायची ती धरतेच. पुसायचे कापडी पॅच तेवढेच काळे निघतात आणि साफ केल्यावर ग्रुप जमेपर्यंत आधीइतक्याच गोळ्या जाळाव्या लागतात. आयुष्य वाढतं का, हे पॉइंट टू-टूवर तपासायलाही वेळ लागेल. शिशाची गोळी आणि कमी दाब, साधी बॅरलसुद्धा हजारोंनी गोळ्या पचवते.

पुन्हा घ्यायची झाली तर क्रायोचे पैसे लॉट टेस्टिंगला, म्हणजे वेगवेगळे लॉट मारून बॅरलला जमणारा शोधायला, लावेन आणि उरले तर त्या लॉटचे डबे जास्त घेईन. आणि कुणी आपली जुनी बॅरल भोसरीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याच्या काउंटरवर ठेवायच्या विचारात असेल तर थांबा. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये शस्त्राचे भागही शस्त्रातच धरले आहेत, दुरुस्तीलाही लायसन्स लागतं. पंच नेऊन देता तशी बॅरल नेऊन देता येत नाही.