जिमचं शटर पडलं, हप्ते मात्र अकरा महिने चालू राहिले

५ नोव्हेंबरला शेवटचा हप्ता गेला, २,५०० रुपयांचा. ज्या जिमसाठी गेला तिचं शटर ९ डिसेंबर २०२४ ला पडलं ते परत उघडलंच नाही. त्यानंतरचे अकरा महिने, दर ५ तारखेला, बंद जिमचे पैसे माझ्या खात्यातून जात होते. आता कापायला काही उरलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

याआधी लिहिलं नाही कारण लाज वाटत होती. मी अकाउंट्समध्ये काम करते. व्हेंडरच्या बिलावर जीएसटी नंबर नसेल तर ते बिल मी परत पाठवते, माझं कामच ते आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मिक्सरच्या वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नव्हता, म्हणून रिक्षा करून परत गेले होते आणि शिक्का मारून आणला होता. आणि तीच मी त्याच महिन्यात या जिमला ४७,९०० रुपये हाताने लिहिलेल्या एका पावतीवर देऊन आले.

भेटेल तो म्हणतो, "अशा ठिकाणी गेलीसच कशाला?" म्हणून आधी हे सांगते. ती जिम काल-परवा उघडलेली नव्हती. पुण्यात आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर, चार वर्षं व्यवस्थित चाललेली. जानेवारी २०२४ मध्ये मी पहिल्यांदा वर्षाचे पैसे भरले तेव्हा ९,९९९ अधिक १८ टक्के जीएसटी असे ११,७९९ रुपये घेतले, छापील बिल दिलं, बिलावर नंबर होता. थायरॉइड आणि गुडघे दोन्ही माझ्या मागे लागलेले. डॉक्टरांनी नुसतं चालून भागणार नाही म्हणून सांगितलं होतं. सकाळी सहाच्या बॅचला आम्ही दहा-बारा जणी असायचो. नऊ महिन्यांत ७८ किलोवरून ७१ वर आले. जिने उतरताना कठडा धरावा लागत नव्हता. ज्या जागेने एवढं दिलं तिच्यावर संशय कोण घेईल? मी घेतला नाही. यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते पुढे.

दसरा झाला आणि मॅनेजर रोज मागे लागायला लागला. दिवाळीपर्यंतच ऑफर, एक तारखेपासून रेट वाढणार, वगैरे. हे सगळे कसं बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. माझी मेंबरशिप जानेवारीपर्यंत होती, तरी आत्ताच रिन्यू करा म्हणे. दोन वर्षांचे १८,०००. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दिवसभर फोनमध्ये तोंड घालून बसलेला, त्याला जिमला लावावं असं मीच एकदा बोलून गेले होते. ते मॅनेजरने नेमकं लक्षात ठेवलं. त्याचे फॅमिली रेटने दोन वर्षांचे १५,५००. वर पर्सनल ट्रेनिंगची, म्हणजे पीटीची, २४ सेशन, ६०० रुपयांनी, १४,४००. एकूण ४७,९००.

२० ऑक्टोबर, रविवार. काउंटरवर नेहमीचा क्यूआर कोडचा स्टँड नव्हता. जिमच्या नावाचा, लॅमिनेट केलेला, वर्षभर तिथेच असायचा. मॅनेजरने खिशातून स्वतःचा फोन काढून त्यावरचा कोड पुढे केला. मी स्कॅन केला. स्क्रीनवर जिमचं नाव आलं नाही, कुठल्यातरी बाईचं नाव आलं. मी वाचलं. मोठ्याने वाचलं. "हे कोण?"

"सरांच्या मिसेस, मॅम. कंपनीच्या अकाउंटला जीएसटीचं काहीतरी अपडेट चालू आहे, दोन दिवसांचं काम आहे."

ऑफिसमध्ये एखाद्या व्हेंडरने मला हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला दारातून आत घेतलं नसतं. जीएसटीचं काम चालू असलं म्हणून कोणी बायकोच्या खात्यात पैसे घेत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या क्षणीही ठाऊक होतं. तरी मी पिन टाकला, १७,९०० रुपये. मागे दोघीजणी पैसे भरायला उभ्या होत्या, त्यांच्यासमोर घासाघीस करणारी बाई दिसायला नको असं वाटलं. हे एकच कारण. पावती दिली ती स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पावती पुस्तकातली, वर रबरी शिक्का, नंबर नाही. मी ती घडी करून पर्समध्ये ठेवली. अजून आहे, पोलिसांनाही तिचीच झेरॉक्स दिली.

त्याहून जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. त्याच्या आठ-दहा दिवस आधी आमचा ट्रेनर, बार्शीकडचा मुलगा, असेल चोवीस-पंचवीसचा, लेग प्रेसच्या प्लेट काढता काढता हळूच म्हणाला होता, "ताई, पीटीचे पैसे एकदम भरू नका. महिन्या महिन्याने भरा." मी विचारलं, का रे? तो म्हणाला, "असंच. सांगून ठेवलं." आणि लगेच दुसरीकडे गेला. आता त्याच महिन्यात भिंतीवर नोटीस लागली होती की ट्रेनरला परस्पर पैसे देऊ नयेत, पावती काउंटरवरच घ्यावी. मला वाटलं, याला पीटीचे पैसे परस्पर स्वतःच्या खिशात घालायचे आहेत. त्या मुलाचा तीन महिन्यांचा पगार थकला होता, हे मला नंतर कळलं. त्याला उघड बोलता येत नव्हतं, बोलला असता तर तेही पैसे बुडाले असते. खरं सांगणाऱ्या त्या मुलाला मी चोर समजले. नंतर त्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई." मला ते जाऊ देता येत नाही.

बाकीच्या खुणा आता आठवतात. एसी पंधरा दिवस बंद, "गॅस भरायचाय". पाण्याचा कूलर काढून नेला. रोइंग मशीन दुरुस्तीला गेलं ते आलंच नाही. यातलं एकेक कुठेही होतं, म्हणून यासाठी मी स्वतःला बोल लावत नाही.

उरलेल्या ३०,००० साठी मॅनेजरने ईएमआय सुचवला. "नो कॉस्ट आहे मॅम, १२ हप्ते, २,५०० चे, कळणार पण नाही." माझा फोन मागून घेतला नाही, माझ्याच हातात ठेवून फॉर्म भरून घेतला. आधार, पॅन, सेल्फी, तीन वेळा ओटीपी. शेवटचा ओटीपी बँकेतून हप्ता आपोआप कापायच्या परवानगीचा होता. मला वाटत होतं मी जिमला हप्त्याने पैसे देते आहे. तसं नसतं. फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज काढते, ते पैसे जिमला एकदमच देऊन टाकते आणि तुम्ही कंपनीचे देणेकरी होता. जिम राहो की जावो. त्याच संध्याकाळी कर्जाच्या अटींचं पत्रक ईमेलवर आलं होतं. मी ते डिसेंबरात उघडलं. प्रोसेसिंग फी ३५४ रुपये, तीही वेगळी कापलेली. अशा डिजिटल कर्जात सुरुवातीचे काही दिवस मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंड न देता बाहेर पडता येतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझे ते दिवस दिवाळीच्या फराळात गेले. तुम्ही आत्ता या आठवड्यात असं काही घेतलं असेल तर वाचणं इथेच थांबवा आणि तो ईमेल उघडा.

९ डिसेंबरला, सोमवारी, पहाटे सहाला शटरवर कागद होता, "मेंटेनन्ससाठी तीन दिवस बंद". चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन बंद. पाचव्या दिवशी जागामालक कुलूप बदलताना भेटले, त्यांचंच चार महिन्यांचं भाडं थकलेलं. जिमवाल्याचा घरचा पत्ता मात्र त्यांनी दिला नाही, "मला त्यात घेऊ नका" म्हणाले. रात्री जुनं छापील बिल शोधून त्यावरचा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला. नोंदणी ऑगस्टमध्येच रद्द झालेली. लॉगिन लागत नाही, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. हे काम मी ऑफिसात आठवड्याला दहा वेळा करते.

मग चौकी. आम्ही पैसे भरलेल्यांचा ग्रुप केला, ६१ जण झाले. पहिल्यांदा अकरा जण गेलो. साहेब म्हणाले, "वर्षभर व्यायाम केलात ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, ज्याची नोंदणी ऑगस्टमध्ये रद्द, भाडं थकलेलं, पगार थकलेले, त्याने ऑक्टोबरमध्ये दोन-दोन वर्षांचे पैसे घेतले, जिम चालवायची नाही हे माहीत असताना घेतले, ही फसवणूक नाही तर काय? त्यांनी अर्ज ठेवून घेतला. पोचेचा शिक्का मागितला तर शिपाई म्हणाला, उद्या या. तो शिक्का मी दोन तास बसून घेतला. दुसऱ्यांदा गेलो, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा सांगितलं, मालक दुसऱ्या हद्दीत राहतो, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, पैसे जिथे दिले तिथे जा. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस रजा. ग्रुपमधल्या निवृत्त काकांनी कलम काढून दाखवलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता नोंदवून घ्यावी लागते, आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. साहेबांनी मोबाईलवरचं कलम वाचलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही वकील आहात का?" ६१ माणसांचे पैसे गेले होते आणि या माणसाला त्यात चेष्टा सुचत होती. आमच्यातल्या एका बाईंनी मंगळसूत्राच्या दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे भरले होते. तिथे त्या रडल्या. त्यांना खुर्चीसुद्धा कोणी दिली नाही. वर्ष होत आलं, गुन्हा दाखल नाही, "चौकशी चालू आहे."

वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. त्याची पोचपावती आली, उत्तर नाही. आता कोर्टात अर्ज करायचा चाललं आहे.

फायनान्स कंपनी तर आणखी पुढची. कस्टमर केअरवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. "मॅम, सेवा मिळाली की नाही हा तुमचा आणि मर्चंटचा विषय आहे." मर्चंट त्यांनीच शोधला, त्यांनीच तपासला, पैसे त्यांनीच दिले, आणि विषय माझा! मार्चमध्ये कोणीतरी सांगितलं म्हणून खातं रिकामं ठेवलं. हप्ता परत गेला. कंपनीचा दंड ५९०, बँकेचा २९५, आणि वसुलीवाल्याचा फोन थेट ऑफिसच्या लँडलाइनवर. हप्ता परत जाणं हासुद्धा चेक बाउन्ससारखा गुन्हा होतो, हे त्याने मला ऐकवलं. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात तशी तरतूद आहे, ते खोटं नाही. मी मुकाट्याने भरले. मुलाचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं आहे, माझा सिबिल स्कोअर, म्हणजे बँका बघतात ती कर्जफेडीची पत, मला खराब करून घ्यायचा नव्हता. भित्रेपणा म्हणा हवं तर.

म्हणजे १७,९००, ३०,०००, ३५४, ५९० आणि २९५, एकूण ४९,१३९ रुपये. पाच पीटी सेशन मी केली, त्यांचे ३,००० वजा. ४६,१३९ रुपये गेले. माझी नवी मेंबरशिप तर सुरूसुद्धा झाली नव्हती.

ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, बसून राहू नका. अडचण एकच, जिमवाल्याला पाठवलेली नोटीस "पत्ता सोडून गेले" म्हणून परत आली. तेव्हा पैसे भरायच्या आधीच मालकाचं पूर्ण नाव, राहता पत्ता बिलावर घ्या. देत नसेल तर उठा. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. समोरचा पळालेला असेल तर तिच्यावर विसंबून महिने घालवू नका. फायनान्स कंपनीची तक्रार आधी कंपनीकडेच लेखी करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फोनवर बोलू नका, ईमेल करा. माझे पहिले चार महिने फोनवर गेले, त्याचा पुरावा शून्य.

हे फक्त जिमचं नाही. माझ्या जावेने मुलीच्या गिटार क्लासचे वर्षाचे पैसे एकदम भरले, सर तिसऱ्या महिन्यात बंगळूरला गेले. स्विमिंग, झुंबा, स्पोकन इंग्लिश, सगळीकडे वर्षाचा रेट महिन्यापेक्षा इतका स्वस्त दाखवतात की महिन्याचे भरणारा वेडा वाटावा. भरा महिन्याचे. माझे महिन्याचे १,२०० गेले असते. मुदत संपायच्या आत कोणी रिन्यूसाठी मागे लागला तर त्याला आत्ता पैसे का हवेत ते विचारा. स्क्रीनवर दुकानाचं नाव दिसलं नाही तर पिन टाकू नका, मागे रांग असली तरी. रांगेतल्या त्या दोघींचेही पैसे गेले. आणि जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला आहे, अजून कोणी १८ लावत असेल तर बिल मागा आणि त्यावरचा नंबर पोर्टलवर तपासा.

घरी मुलाने एका शब्दाने विचारलं नाही. ह्यांनी मात्र पहिल्याच रात्री विचारलं, "तू? तू सही न बघता पैसे दिलेस?" त्यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

हप्ते संपले की कंपनीकडून कर्ज फिटल्याची एनओसी लेखी घ्यावी लागते, नाहीतर सिबिलमध्ये ते कर्ज उघडं दिसू शकतं. ७ तारखेला ईमेल केला. अजून आलेली नाही. सोमवारी परत करणार आहे.