"फ्लॅट ट्रस्टला दिलाय" असं बाबा म्हणायचे, पण ट्रस्ट कोणाचा?

बरेच दिवस लिहायचं होतं, हात धजत नव्हता. पण ज्यांच्या घरात अपंग मूल आहे त्यांनी हे वाचावं, म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ 36 वर्षांचा आहे, बौद्धिक अपंगत्व आहे, स्वतःचं जेवण-आंघोळ करतो पण पैसा आणि सही यातलं काही कळत नाही. आई गेल्यावर बाबांना एकच घोर, माझ्या पश्चात याचं काय. मी सांभाळेन म्हटलं की म्हणायचे तुझ्या संसारावर भार नको. अशात पालकांच्या एका मीटिंगमधे एका निवासी संस्थेचे गृहस्थ भेटले, गोड बोलणारे, मग घरी यायला लागले, भावाचं यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढून दिलं, बँकेत सोबत गेले, भाऊ सज्ञान असला तरी त्याला कायदेशीर पालक लागतो म्हणून 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अर्ज करून संस्थेलाच पालक करून घेतलं. (हे खरंच लागतं, मूल 18 चं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) एवढं सगळं केल्यावर त्या माणसावर संशय कोण घेणार?

मग फ्लॅटचा विषय निघाला. बाबांनी कुठेतरी ऐकलं होतं की अशा मुलासाठी ट्रस्ट करावा. तो म्हणाला, काका आमचा ट्रस्ट आहेच की, वेगळा काढायचा खर्च कशाला, यालाच देऊन टाका, मुलगा आयुष्यभर आमच्याकडे. बाबांनी दुय्यम निबंधकाकडे जाऊन सही केली आणि सगळ्यांना सांगत सुटले, फ्लॅट मुलासाठी ट्रस्टला दिलाय. मलाही हायसं वाटलं. एकदाही कागद बघायला मागितला नाही मी, ही माझी चूक.

मुलासाठी ट्रस्ट करणं आणि कोणाच्या तरी ट्रस्टला देणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत हो. पहिल्यात 1882 च्या भारतीय न्यास (ट्रस्ट) कायद्याप्रमाणे खाजगी ट्रस्ट होतो, त्यात लाभार्थी म्हणून तुमच्या मुलाचं नाव असतं, विश्वस्त तुम्ही निवडता, आणि मालमत्ता लाभार्थीसाठीच वापरायचं बंधन त्यांच्यावर असतं. आमच्याकडे जे झालं ते साधं बक्षीसपत्र, संस्थेच्या नावाने, आणि त्यात माझ्या भावाचं नावच नाही! आजीवन सांभाळू हे वाक्य फक्त लेटरहेडवरच्या एका पत्रात.

बाबा गेले आणि पाच महिन्यांत फी वाढल्याचं पत्र आलं, भरली, मग परत वाढली, मग म्हणाले याचं वागणं आम्हाला झेपत नाही, घेऊन जा. मी म्हटलं अहो फ्लॅट दिलाय ना याच्यासाठी, तर शांतपणे उत्तर आलं, ताई ती देणगी होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा) काढला आणि घेणाऱ्याच्या रकान्यात संस्थेचं नाव बघून पायाखालची जमीन सरकली. भाऊ बॅग घेऊन गेटपाशी बसला होता, बाबा न्यायला येणार म्हणून.

वकिलांनी सांगितलेलं लिहिते. एकदा दिलेलं बक्षीस सहसा परत घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे, पण ते देणाऱ्या ज्येष्ठाची देखभाल झाली नाही तर, मुलाची नाही, आणि बाबा तर राहिलेच नाहीत. उरला दिवाणी दावा, फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांच्या आत दस्त रद्द करून मागायचा. तो टाकलाय.

पालकत्वाचं मात्र लवकर सुटलं. राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे पालकाने नेमणुकीपासून 6 महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. मी पालक नेमणाऱ्या स्थानिक समितीकडे चौकशी केली तर एकही कागद दिलेला नव्हता, आणि भावाची फॅमिली पेन्शन संस्थेकडेच जमा होत होती. (बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, अपंग मुलाला ती आयुष्यभर मिळू शकते, पीपीओमधे, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, मुलाचं नाव हयातीतच घालून घ्या.) त्याच न्यास कायद्याच्या कलम 17 खाली अर्ज केला, त्यांना काढलं, आता पालक मी आहे.

अजून एक, कोणी म्हणालं की मुलाकडूनच मुखत्यारपत्र घेऊ, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ज्याला व्यवहार कळत नाही त्याने दिलेलं मुखत्यारपत्र टिकत नाही, आणि तुम्ही स्वतः दिलेलं तुमच्याबरोबर संपतं. सही करायच्या आधी दस्तात मुलाचं नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि तो दस्त संस्थेशी संबंध नसलेल्या वकिलाला वाचू द्या, बाबांनी संस्थेच्याच वकिलावर विसंबून सही केली.

भाऊ आता माझ्याकडे आहे. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे, लेटरहेडवरचं ते पत्र खोटं आहे असं आता संस्थेचं म्हणणं आहे. कोणाकडे त्यांनी दिलेलं असंच पत्र असेल तर कृपया मला कळवा.