शोधनिबंध लेखन कार्यशाळा: पहिल्या दिवसासाठी जरूर जा

आमच्या जिल्ह्यातल्या एका बीएड कॉलेजने शिक्षणशास्त्रातल्या नव्या संशोधकांसाठी दोन दिवसांची निवासी कार्यशाळा ठेवली होती. फी पंधराशे, जेवणासकट. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. मी जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते आणि पीएचडीला नोंदणी केली आहे. असे बरेच जण असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते.

सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे मसुदा आठ दिवस आधी मागवतात आणि तो खरोखर वाचतात. सहा जणांमागे एक मार्गदर्शक. आमच्या गटाला निवृत्त प्राचार्या होत्या, हातात पेन्सिल. पहिल्या तासात त्यांनी सहाही मसुद्यांची सुरुवात मोठ्याने वाचली. चार जणांनी कोठारी शिक्षण आयोगाचं ‘भारताचे भवितव्य वर्गखोल्यांत घडत आहे’ हे वाक्य घेतलं होतं, उरलेल्या दोघांनी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “आयोगाचा अहवाल 1966 चा. तो संपादकांनी वाचलाय. तुम्ही काय पाहिलंत ते सांगा.” आणि दीड-दीड पान खोडलं.

माझा विषय हातच्याची वजाबाकी. मसुद्यात नेहमीचं सगळं होतं: न्यादर्श (निवडलेली मुलं), साधने, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य सार्थक (म्हणजे गुणांतला फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही), शून्य परिकल्पनेचा (‘काही फरक नाही’ या गृहीतकाचा) त्याग. मॅडमनी विचारलं, मुलं नेमकं काय चुकतात? मी सांगितलं की 52 मधून 27 वजा करताना बरीच मुलं 35 लिहितात. एककात दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढून मोकळी होतात. 403 वजा 158 दिलं तर तीच मुलं 355 लिहितात. म्हणजे हा निष्काळजीपणा नव्हे, मुलांनी स्वतः बनवलेला नियम आहे. “मग हे लेखात कुठे आहे?” कुठेच नव्हतं, तिथे नुसती गुणांची सरासरी होती. त्या दुपारी वह्यांच्या फोटोंवरून चुकांचे प्रकार पाडले आणि तो तक्ता लेखाच्या मध्यभागी आला. माझे पंधराशे रुपये इथेच वसूल झाले.

संदर्भांचं सत्रही कामाचं. झोटेरो हे संदर्भ साठवून त्यांची यादी करून देणारं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवून दिलं. इंग्रजी लेखात मराठी पुस्तकाचा संदर्भ एपीए या संदर्भलेखन पद्धतीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे कसा द्यायचा (नाव रोमन लिपीत, पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ) हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा दिवस मात्र घसरला. साहित्यचौर्याच्या तासाला यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) 2018 चा नियम सांगितला: दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. इथवर ठीक. पण नंतर अर्धा तास ‘टक्केवारी खाली कशी आणायची’ यावर, म्हणजे शब्द फिरवा, वाक्य उलटं करा! दुसऱ्याचा विचार शब्द बदलून आपला होत नाही, हे बीएड कॉलेजात सांगायला लागावं?

लेख कुठे पाठवायचा, हे सत्र सर्वांत कच्चं. यूजीसी-केअर यादीची, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीची, झेरॉक्स वाटली. ती यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्येच बंद केली. विचारलं तर सत्र घेणारे सर म्हणाले, “असू द्या, उपयोगी पडते.” व्हॉट्सअॅपवर ‘तीन दिवसांत प्रकाशन, आयएसएसएन, सर्टिफिकेट फ्री’ असे मेसेज रोज येतात, त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, त्यावरून दर्जा कळत नाही. निदान नियतकालिक पारखून घ्यायला मदत करणाऱ्या ‘थिंक, चेक, सबमिट’ या उपक्रमाची मोफत प्रश्नावली तरी दाखवायची: संपादक मंडळ कोण, लेख कोण तपासतो, फी आधी सांगतात का. एनसीईआरटीची ‘द प्रायमरी टीचर’सारखी नियतकालिकं आम्हा शिक्षकांसाठीच आहेत. हिंदीत लिहिणाऱ्यांना ‘भारतीय आधुनिक शिक्षा’ आहे. यातलं एकही नाव सत्रात आलं नाही. मराठीत लिहिणाऱ्याने काय करायचं, या प्रश्नावर तर सगळेच छताकडे बघत होते.

आणखी एक राहिलंच. नियतकालिकाकडून लेख तपासणाऱ्या परीक्षकांचे शेरे आले की नवखा माणूस घाबरून लेख गुंडाळून ठेवतो. शेरा, केलेला बदल, पान क्रमांक असा तीन रकान्यांचा तक्ता करून उत्तर कसं द्यायचं, यावर एक तास हवा होता. मला हे नंतर मॅडमनी फोनवर शिकवलं, कार्यशाळेत नाही.

राहण्याची सोय ठीक, पिठलं-भाकरी उत्तम, वायफाय नावापुरतं. पाचपैकी साडेतीन तारे, त्यातले तीन मॅडमच्या पेन्सिलीला. हातात कच्चा का होईना पण मसुदा असेल तरच जा, नुसता विषय घेऊन आलेल्या दोघांना पहिला दिवसभर बसून राहावं लागलं. आणि मुलांच्या वह्या सोबत न्या.