सेसनातून थेट ७३७ मध्ये: ठाण्यातल्या हौशी वैमानिकाने पैसे नेमके कुठे घालावेत?

वाशी-कोपरखैरणे पट्ट्यात राहणाऱ्यांना हे दृश्य रोजचं आहे. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे निघालेली विमानं चाकं सोडून, फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) उघडून डोक्यावरून जातात आणि खाडी ओलांडून घाटकोपरच्या दिशेनं उतरत जातात. इथे त्यांची उंची दीड-दोन हजार फूट असते. ज्यानं स्वतःच्या हातानं सेसना, म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, उतरवलं आहे, त्याला ते बघताना एकच प्रश्न छळतो: हे मला उतरवता येईल का?

मी ठाण्यात राहतो. पीपीएलसाठी (खाजगी वैमानिक परवान्यासाठी) लागणारे ४० तास मी शनिवार-रविवारी माजिवड्याहून पहाटे निघून, आग्रा रोडनं धुळ्याला जाऊन पूर्ण केले. त्यानंतर मोठ्या विमानापर्यंत पोचायचे चार रस्ते दिसले. त्यातले तीन मी स्वतः चाललो आणि चौथ्याची नीट चौकशी करून थांबलो. माझ्यासारखाच पगारातून बाजूला काढलेल्या पैशांवर उडणारा कुणी आता ठरवत असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच बोलून टाकू. प्रवासी भरलेल्या विमानात ओळखीच्या कॅप्टनच्या कृपेनं ‘जरा हात लावून बघू’ हा रस्ता नाही, आणि नसावाच. मार्च १९९४ मध्ये एअरोफ्लोतच्या ए-३१० मध्ये कॅप्टननं आपल्या किशोरवयीन मुलाला सीटवर बसवलं. त्याच्या हातून ऑटोपायलटचा एक भाग नकळत सुटला आणि ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत विमान हाताबाहेर गेलं होतं. ७५ माणसं गेली.

घरातला सिम्युलेटर

मायक्रोसॉफ्टचा २०२० चा किंवा २०२४ चा फ्लाइट सिम्युलेटर, नाहीतर एक्स-प्लेन १२. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी फ्लायबायवायर गटाचं एअरबस ए-३२० फुकट मिळतं. पैसे मोजायची तयारी असेल तर फेनिक्सचं ए-३२० किंवा पीएमडीजीचं बोइंग ७३७ घ्या. यांत कॉकपिटमधली जवळजवळ सगळी बटणं खरोखर काम करतात. चांगला संगणक आधीच घरात असेल तर स्टिक, थ्रॉटल आणि पेडल एवढाच खर्च. संगणकापासून सुरुवात असेल तर मामला लाखाच्या घरात जातो.

हात यातून शिकत नाहीत, हे मान्य. स्प्रिंगच्या स्टिकला विमानाचं वजन कळत नाही. पण मोठं विमान उडवताना अर्धं काम डोक्याचं असतं: कोणत्या वेगाला कोणता फ्लॅप, एमसीडीयूत (कॉकपिटमधल्या मार्ग भरायच्या छोट्या संगणकात) मार्ग कसा भरायचा, अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) चुकला तर कोणत्या क्रमानं काय करायचं. हे सगळं इथे येतं आणि पक्कं बसतं. रेडिओवर बोलायची भीती असेल तर व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर जा, समोर खरी माणसं कंट्रोलर म्हणून बसलेली असतात. माझ्या मते पेडलशिवाय हा खर्च करू नये. क्रॉसविंडमध्ये (धावपट्टीला आडव्या वाऱ्यात) पाय न वापरायची सवय लागली की पुढे सेसनातही त्रास होतो.

स्थिर कॉकपिटची केंद्रं

हलत नसलेलं, बहुधा ७३७ किंवा ए-३२० चं कॉकपिट, समोर पडदा, शेजारी मार्गदर्शक. अर्ध्या-एक तासाचे काही हजार रुपये. वाढदिवसाची भेट म्हणून, किंवा विमानांच्या वेडानं झपाटलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी हे उत्तम.

ज्याच्याकडे परवाना आहे त्यानं मात्र पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. वेग वाढला की योक (विमान वळवायचं हँडल) जड होतो का? ट्रिमचं चाक (हातावरचा जोर हलका करणारं) स्वतःहून फिरतं का? आणि शेजारी बसणाऱ्यानं ते विमान खरंच उडवलं आहे का? मी एका ठिकाणी गेलो तिथे जवळजवळ सगळं उड्डाण ऑटोपायलटवर झालं आणि शेवटच्या पाचशे फुटांसाठी योक माझ्या हातात आला. धावपट्टीही बाजूला सरकलेली दिसत होती, कारण पडद्यावरचं चित्र दोन सीटच्या मधल्या माणसासाठी मांडलेलं होतं. तासभर मी त्या सरकलेल्या धावपट्टीशी भांडलो. या तासांची लॉगबुकात नोंद होईल असंही समजू नका.

लेव्हल डी फुल फ्लाइट सिम्युलेटर

इथे जरा थांबतो, कारण खरा निर्णय इथलाच आहे.

एअरलाइनचे वैमानिक ज्यात शिकतात आणि परीक्षा देतात ते हे यंत्र. बाहेरून पाहिलं तर सहा पायांवर उभी असलेली पांढरी खोली. आत खरं कॉकपिट. खोली धावपट्टीवरून धावू शकत नाही, म्हणून टेकऑफच्या वेळी ती हळूच मागे कलते. तुमचं वजन पाठीवर येतं, समोरचं दृश्य मात्र सपाटच राहतं, आणि कानातला तोल मेंदूला सांगतो की वेग वाढतो आहे. ब्रेक लावला की खोली पुढे कलते. दृश्य मोठ्या वक्र आरशातून येतं, त्यामुळे ते दूरवर असल्यासारखं भासतं आणि दोन्ही सीटवरून धावपट्टी सरळ समोर दिसते. हे इतकं जमून आलेलं असतं की अनुभवी वैमानिक खऱ्या विमानाला हात न लावता एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाऊ शकतो आणि त्याचं खरं पहिलं लँडिंग प्रवाशांसह होतं.

अशी यंत्रं ठाणे-नवी मुंबईत शोधत बसू नका. दिल्लीलगत गुरुग्राम आणि ग्रेटर नोएडा, शिवाय हैदराबाद आणि बेंगळुरू इथे मोठी प्रशिक्षण केंद्रं आहेत. दिवसाचे बरेचसे तास विमान कंपन्यांनी धरलेले असतात. हौशी माणसानं विचारायचं ते उरलेल्या वेळेचं, म्हणजे बहुधा रात्रीचं. माझे दोन तास रात्री अकरा ते एक होते. तासाचा दर काही दहा हजारांत जातो, वर प्रवास आणि मुक्काम.

तिथे मला काय कळलं ते सांगतो. पहिली चूक टॅक्सी करतानाच झाली. ए-३२० चं पुढचं चाक तुमच्या सीटच्या बरंच मागे असतं. सेसनासारखं वळणावर लगेच वळलात तर चाक गवतात. नाक वळणाच्या पुढे जाऊ द्यायचं आणि मग वळायचं. दुसरी चूक उतरताना. सेसनात डोळे जमिनीपासून माणूस उभा राहिल्याएवढ्या उंचीवर असतात, इथे पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसल्यासारखे. साठ-पासष्ट नॉटची सवय असलेला हात एकशे चाळीसच्या आसपास येतो, अकराशे किलोच्या जागी साठ-पासष्ट टन असतात. मी सवयीनं फार आधी नाक उचललं, विमान तरंगत राहिलं आणि धावपट्टी संपत आली. इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाले, “गो-अराउंड करूया,” म्हणजे न उतरता पुन्हा वर जाऊया. लिव्हर पुढे ढकलले आणि जेट इंजिन जागं व्हायला ते काही सेकंद लागले, ते मी विसरणार नाही. सेसनात थ्रॉटल पुढे केला की इंजिन लगेच गरजतं. इथे निर्णय आधी घ्यावा लागतो. पाचव्या प्रयत्नाला विमान नीट टेकलं.

आता ७३७ की ए-३२०? बहुतेक जण इंडिगोनं प्रवास करतात म्हणून ए-३२० मागतात, मीही तेच केलं. आज पुन्हा निवडायचं असेल तर पहिल्यांदा ७३७ घेईन. त्यात योक आहे, केबल आहेत, मांडीजवळ खडखडत फिरणारं ट्रिमचं चाक आहे. पॉवर बदलली की नाक हलतं, ते तुम्ही धरता, ट्रिम करता. धुळ्यात जे शिकलात तेच मोठ्या प्रमाणावर. ए-३२० मध्ये साइडस्टिक सोडली तर विमान आहे त्याच वाटेवर राहतं आणि ट्रिम स्वतः करतं. पन्नास फुटांखाली संगणक फ्लेअरच्या (टेकण्याआधी नाक उचलण्याच्या) पद्धतीवर जातो आणि हळूहळू नाक खाली सोडू लागतो, म्हणजे तुम्हाला ते ओढावंसं वाटेल. वीस फुटांवर आवाज येतो, “रिटार्ड,” म्हणजे लिव्हर मागे घ्या. अप्रतिम यंत्र आहे, पण सेसनाच्या वैमानिकाला दोन तासांत त्याच्या डोक्याशी मैत्री जमणं कठीण जातं. ज्यांना पुढे एअरलाइनमध्येच जायचं आहे त्यांनी मात्र ए-३२० च घ्यावं.

इन्स्ट्रक्टरशी आधी फोनवर बोलून घ्या. मी एकच मागणी केली होती: पहिली वीस मिनिटं ऑटोपायलट नको, ऑटोथ्रस्टही (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नको. दोन तासांतलं सगळ्यात जास्त शिक्षण त्या वीस मिनिटांत झालं.

टाइप रेटिंग आणि खरं विमान

टाइप रेटिंग म्हणजे एका विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी. भारतात हा रस्ता व्यवहारात सीपीएलनंतरच (व्यावसायिक परवान्यानंतरच) लागतो: २०० तास, क्लास १ मेडिकल, आणि मग रेटिंगचे दहा लाखांहून जास्त. अमेरिकेत नियम वेगळा आहे. तिथे १२,५०० पौंडांवरच्या किंवा जेट इंजिनाच्या कुठल्याही विमानाला टाइप रेटिंग लागतं, पण खाजगी परवाना असलेला माणूससुद्धा इन्स्ट्रुमेंट आणि मल्टी-इंजिन रेटिंग मिळवून ते घेऊ शकतो. जॉन ट्रॅव्होल्टाकडे स्वतःचं बोइंग ७०७ होतं. नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर केएलएमच्या उपकंपनीत फोकर ७० चे सहवैमानिक म्हणून वर्षानुवर्षं नियमित उडत होते, हे २०१७ मध्ये जाहीर झालं, आणि मग ते ७३७ कडे वळले. दरवाजा पूर्ण बंद नाही, एवढंच यातून कळतं.

आपल्यासारख्यासाठी अडचण रेटिंग टिकवण्याची आहे. व्हिसा, परदेशी विद्यार्थ्यांसाठीची सुरक्षा तपासणी, आठवड्यांची सुट्टी हे सगळं करून कागद मिळाला, तरी कॅप्टनच्या सीटवरून उडायचं तर दरवर्षी पुन्हा तपासणी द्यावी लागते. आणि विमान कुठून आणणार? ७३७ तासाला दोन टनांहून जास्त इंधन पितं. व्यवसाय बदलायचा नसेल तर मी हे पैसे घालणार नाही. त्याच रकमेत इथे सेसनाचे कितीतरी तास होतात. जे. आर. डी. टाटांनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, आपल्या १९३२ च्या कराची-मुंबई उड्डाणाची पुनरावृत्ती केली. ज्यांनी उभारलेल्या कंपनीकडे जंबो जेट होती, ते त्या दिवशी एका छोट्या लेपर्ड मॉथमध्ये बसले होते. मला ते फार आपलं वाटतं.

मग क्रम कसा लावायचा?

परवाना नसेल आणि फक्त चव बघायची असेल तर स्थिर केंद्र, एकदाच. पीपीएल आहे, रक्कम बेताची आहे, तर तीन महिने घरी एकाच विमानावर तयारी करा. दोन विमानं मिसळू नका. वेग, फ्लॅप आणि गो-अराउंडचा क्रम झोपेतही सांगता आला पाहिजे. मग लेव्हल डीचे दोन तास. तयारीशिवाय गेलात तर पहिला तास बटणं शोधण्यात जातो, आणि तो तास महागडा असतो.

दोन तास दोघांनी मिळून घ्या. अर्धा खर्च कमी होतो, शिवाय एक जण उडवतो तेव्हा दुसरा रेडिओ, फ्लॅप आणि चेकलिस्ट सांभाळतो, खऱ्या कॉकपिटसारखं. सिम्युलेटरसाठी मेडिकलही लागत नाही. माझ्यासोबत उजव्या सीटवर कळव्याचा मित्र होता. आम्ही धुळ्याला एकत्रच जायला लागलो होतो, पण क्लास २ मेडिकलमध्ये तो अडकला आणि त्याचं उडणं तिथेच थांबलं. रात्री साडेबाराला त्यानं क्रॉसविंडमध्ये ए-३२० मधोमध टेकवलं, माझ्यापेक्षा नीट. यंदा नोव्हेंबरात आम्ही ७३७ घेतो आहोत, आणि डाव्या सीटवर आधी तो बसणार आहे.