केपमध्ये भाड्याची गाडी : एका काचेपायी सहा महिने

गेल्या मंगळवारी क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये शेवटची रक्कम परत आलेली दिसली. गाडी परत केली होती सप्टेंबरात. तेरा दिवसांच्या प्रवासाचा हिशेब मिटायला सहा महिने लागले. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर नुसता संताप उतरला असता. आता बागेत तोडणी चालू आहे, दिवसा वेळ नाही, म्हणून रात्री लिहितोय. माझ्यासारखा पै-पै जपणारा कुणी दक्षिण आफ्रिकेत स्वतः गाडी चालवायचा बेत करत असेल, तर त्याने हे वाचावं अशी फार इच्छा आहे.

फेरा नेहमीचाच. केप टाउनहून किनाऱ्याने हर्मेनस, तिथून आत वळून रूट 62 या रस्त्याने औट्सहूर्न, मग गार्डन रूट हा किनारपट्टीचा भाग आणि शेवटी स्टेलनबॉश-फ्रान्सहूक ही वाईनची गावं. आम्ही तिघं होतो : मी, बायको आणि नाना, म्हणजे माझे वडील. नाशिकच्या द्राक्षवाल्याला सप्टेंबर सोयीचा पडतो. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची) मागे पडलेली असते आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची) यायची असते. तिकडे तेव्हा वसंत असतो, आणि हर्मेनसच्या खडकांवर उभं राहिलं की दुर्बिणीशिवाय देवमासे दिसतात.

आधी गाडीबद्दल. बुकिंगवर फक्त ‘छोटी हॅचबॅक किंवा तत्सम’ लिहिलेलं होतं. हातात आली टोयोटा स्टारलेट. दार उघडलं आणि ओळख पटली, ही तर आपली बलेनो! भारतातच बनून तिकडे जाते. त्या क्षणी जो धीर आला तो शब्दांत सांगणं अवघड आहे. परक्या देशात, परक्या रस्त्यावर, पण वायपर कुठे आणि इंडिकेटर कुठे हे हाताला माहीत. शिवाय वाहतूक डावीकडूनच. ऑटोमॅटिकचे पैसे वाचवून मॅन्युअल घेतली, त्याचा एकदाही पस्तावा झाला नाही. आरटीओतून हजार रुपयांत इंटरनॅशनल परमिट काढलं होतं, काउंटरवर ते मागितलंही.

आता मुख्य गोष्ट, काच.

काउंटरवरच्या मुलीने तीन प्रकारचं संरक्षण समोर ठेवलं. अपघात आणि चोरीचं मूळ भाड्यातच होतं. त्यात आपल्या खिशातून जाणारी रक्कम कमी करणारं दुसरं. आणि टायर-काचेचं तिसरं, दिवसाला 80 रँड. तेरा दिवसांचे 1,040 रँड म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण पाच हजार रुपये. मी दुसरं घेतलं आणि तिसरं नाकारलं. मनात म्हटलं, वीस वर्षं पिंपळगाव-नाशिक गाडी चालवतोय, काच कधी फुटली नाही. दुसरं घेतलं की काचही त्यातच आली असेल, हेही मीच गृहीत धरलं. नव्हती आली. टायर, काच आणि गाडीचं पोट, म्हणजे खालची बाजू, या तीन गोष्टी त्यातून वगळलेल्या होत्या. पावतीच्या मागच्या बाजूला तसं छापलेलं होतं आणि मी ती बाजू वाचली नव्हती.

काच फुटली सहाव्या दिवशी. त्याला कारण माझं नियोजन.

हर्मेनस ते औट्सहूर्न हा टप्पा मी एका दिवसात बसवला होता. अंतर चारशे किलोमीटरच्या आत, रस्ता गुळगुळीत, वेगाची मर्यादा 100 ते 120. घरी बसून फोनवर पाहिलं तर साडेचार तास. पण मध्ये स्वेलेनडॅमला जेवण, मग ट्रॅडो घाट, दर दहा मिनिटांनी बायको म्हणणार, “अहो, थांबवा ना जरा.” आणि थांबावंसंच वाटतं, त्यात तिची चूक नाही. सप्टेंबरात साडेसहा-पावणेसातला सूर्य मावळतो. अंधारात गाव सोडून गाडी चालवू नका असं सगळ्यांनी बजावलं होतं, कारण रस्त्यावर जनावरं असतात, माणसंही असतात. बॅरीडेल सोडलं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि मी घाईत होतो.

तिकडची एक रीत फार आवडली. पुढचं संथ वाहन डावीकडच्या पिवळ्या रेषेपलीकडे सरकून वाट देतं, आपण पुढे गेल्यावर पार्किंगचे दिवे दोनदा लुकलुकवून आभार मानायचे. लेडीस्मिथच्या अलीकडे एका मालट्रकने अशीच वाट दिली. पण तिथे कडेची पट्टी अरुंद होती, त्याची डावी चाकं खडीवर गेली आणि एक खडा उडून थेट काचेवर आला. आधी हरभऱ्याएवढा डाग. थोड्या वेळाने वीतभर तडा. बायकोने तिथेच फोटो काढला. चार वाजून दहा मिनिटं. हा फोटो पुढे फार कामाला आला.

दुसऱ्या दिवशी स्वार्टबर्ग घाट केला. हा कच्चा रस्ता आहे. थॉमस बेन या रस्तेबांधणी करणाऱ्या अभियंत्याने तो 1881 ते 1888 या काळात कैद्यांच्या हातून बांधून घेतला, माथा 1,583 मीटरवर. वळणांच्या खालच्या भिंती चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या, अजून जागच्या हललेल्या नाहीत. नानांनी एका भिंतीला हात लावून पाहिला. “आपल्या गडांवरच्या तटासारखंच काम आहे हे,” म्हणाले. निघण्यापूर्वी मी काउंटरवर विचारलं होतं, हा घाट चालेल का? तोंडी उत्तर आलं, चालेल. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढली. परतताना मेइरिंग्सपूर्टच्या खिंडीतून आलो. तो रस्ता डांबरी आहे, एकच नदी पंचवीसदा ओलांडतो. कच्च्या रस्त्याची धास्ती असेल तर निदान तो तरी चुकवू नका.

गाडी परत केली तेव्हा तिच्यावर घाटाची धूळ होती. कंपनीने काच लावली 3,900 रँडला, हाताळणी 600, आणि त्यावर ‘कच्च्या रस्त्यावर वापर, गाडीच्या पोटाची तपासणी आणि सफाई’ म्हणून 2,750. एकूण 7,250 रँड, पस्तीस हजारांच्या आसपास. मेसेज आला तेव्हा आम्ही मुंबई विमानतळावर बॅगांची वाट पाहत उभे होतो.

पहिले दोन महिने मी सगळ्याच रकमेसाठी भांडत होतो. बँकेकडे वाद नोंदवला, कंपनीला अकरा मेल लिहिले. मग दिवाळीच्या सुट्टीत करार पहिल्यांदा पूर्ण वाचला आणि माझं मत बदललं. काचेचे पैसे माझ्याकडूनच जायला हवे होते. संरक्षण नाकारल्याची सही माझी आहे. त्यानंतरच्या मेलमध्ये मी काचेचे 4,500 मान्य केले आणि फक्त 2,750 वर बोट ठेवलं. तडा डांबरी रस्त्यावर गेला याचा वेळेसह फोटो होता. घाट त्यानंतरच्या दिवशी केला, तिथला वेळेसह फोटो होता. गाडी परत करताना चारही बाजूंनी आणि वाकून खालून काढलेला व्हिडिओ होता. तो व्हिडिओ नानांच्या आग्रहाने काढलेला. व्यापाऱ्याला माल देताना क्रेट मोजून, सही घेऊनच गाडी हलू द्यायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. कंपनीकडे मात्र ‘घाट चालेल’ म्हणाल्याची नोंद नव्हती, आणि माझ्याकडेही नव्हती. एवढ्या एका गोष्टीवर आणखी तीन महिने गेले. शेवटी 2,750 परत आले. बँकेने परदेशी व्यवहाराचा मार्कअप, म्हणजे वरचं शुल्क, कापलेला होता, तो गेलाच.

पाच हजार वाचवायला गेलो आणि एकवीस-बावीस हजार घालवून बसलो. टायर-काचेचं संरक्षण घ्या. रोजचा आकडा छोटा दिसतो, एकूण मोठा दिसतो, तरीही घ्या. त्या देशातले निम्मे सुंदर रस्ते खडीच्या कडेने जातात.

एवढं झालं तरी परत जाईन का? जाईन. याचं बरंचसं श्रेय किनाऱ्याला आणि थोडं नानांना.

केप टाउनजवळचा चॅपमन्स पीकचा रस्ता पहिल्या दिवशी पावसाने बंद होता, दुसऱ्या दिवशी उघडला. नऊ किलोमीटर, 114 वळणं, खाली अटलांटिक. पथकर आहे, पण तो देताना हात आखडला नाही. त्याहून जास्त आवडला गॉर्डन्स बे ते रूई-एल्सचा क्लॅरेन्स ड्राइव्ह. पथकर नाही, गर्दी नाही, डोंगर थेट पाण्यात उतरलेला. वेळ कमी असेल तर मी हाच निवडेन. गार्डन रूटवर नायझ्ना आणि त्सित्सिकामा छान आहेत, पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

वाईनचा भाग मुद्दाम शेवटी ठेवला होता, आणि नियोजनातला हा एक निर्णय अगदी बरोबर ठरला. बाटल्या आधी घेतल्या तर आठ दिवस डिकीत तापतात. भारतात परतताना माणशी दोन लिटरच दारू करमुक्त, म्हणजे दोनच बाटल्या. त्या विमानाच्या आदल्या दिवशी घ्याव्यात. चालवणाऱ्याचा प्रश्नही सोडवून ठेवा. तिकडची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम, आपल्या 30 पेक्षा सैल वाटते, पण चार ठिकाणचे घोट झाले की ती कधी ओलांडली कळत नाही. फ्रान्सहूकला गाडी लॉजवर ठेवून आम्ही वाईन ट्रामने, म्हणजे बागाबागांतून नेणाऱ्या पर्यटकांच्या गाडीने, फिरलो. स्टेलनबॉशला मी चालवत होतो म्हणून एक थेंबही घेतला नाही. नाना माळकरी, त्यांचा प्रश्नच नव्हता.

पण त्या सगळ्या बागांत सर्वांत जास्त काही मिळालं असेल तर नानांना. स्टेलनबॉशजवळ शेनिन ब्लांक या वाईनच्या द्राक्षाची एक जुनी बाग होती. मांडव नाही, तार नाही, प्रत्येक वेल गुडघ्याएवढ्या झुडपासारखी स्वतःच्या खोडावर उभी. आम्हीही शेनिन लावली होती, वायनरीच्या करारावर, चौदाव्या वर्षी काढून टाकली. इथे 35 वर्षांपुढच्या बागांना वेगळा मान आहे, बाटलीवर लागवडीचं साल असलेलं सील लागतं. काड्यांवरचे डोळे (कळ्या) फुटून पोंगा, म्हणजे कोवळा फुटवा, दिसायला लागला होता. नाना वाकून एकेक काडी पाहत होते.

“पेस्ट लावता का डोळ्यांना?” त्यांनी विचारलं. आपल्याकडे छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना रसायनाची पेस्ट लावतात. मी इंग्रजीत सांगितलं.

बाग दाखवणारा माणूस म्हणाला, लागत नाही. हिवाळ्यात वेल झोपते, थंडी पुरेशी मिळते, मग आपोआप एकसारखी फुटते. छाटणी वर्षातून एकदाच.

“एकदाच?” नानांनी मला परत विचारायला लावलं. पन्नास वर्षं ते वर्षाला दोन छाटण्या करत आलेत. मग त्या माणसाने आपली कात्री त्यांच्या हातात दिली आणि दोघं अर्धा तास बिनभाषेचं बोलत राहिले. मी बाजूला उभा होतो. तो अर्धा तास माझ्या कुठल्याही वेळापत्रकात नव्हता.

माझा मेहुणा येत्या सप्टेंबरात जातोय. त्याचं बुकिंग काल मीच केलं. टायर-काचेच्या खुणेवर पहिलं बोट ठेवलं. हर्मेनस आणि औट्सहूर्नच्या मध्ये बॅरीडेलला एक मुक्काम घातला. स्वार्टबर्गबद्दल कंपनीला मेल केला होता, ‘चालेल’ असं लेखी उत्तर आलंय. त्याची प्रिंट काढून त्याच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आहे.