वेटेड ब्लँकेट, ७ किलोचं, सिंगल

हे वजनदार पांघरूण झोपेसाठी म्हणून विकतात, मी रिव्ह्यू मात्र वेगळ्याच कारणासाठी लिहितेय. मी ऑटिस्टिक आहे, तिशी उलटल्यावर कळलं, आणि मला हलका स्पर्श सहनच होत नाही, म्हणजे नवऱ्याने लाडाने दंडावरून बोटं फिरवली की अंगावर मुंग्या चढल्यासारखं होतं, मी हात झटकते, त्याचा चेहरा पडतो, मग अबोला. घट्ट मिठी मात्र चालते, आवडतेच. डॉक्टर लोकांच्या डीएसएममधेसुद्धा (ज्यावरून ते निदान करतात ते अमेरिकन पुस्तक) हे सेन्सरी, म्हणजे स्पर्श-आवाज-उजेड खुपण्याचं प्रकरण ऑटिझमच्या निकषांत पार २०१३ला आलं, मग त्या बिचाऱ्याला काय बोलणार.

तर ब्लँकेट. आत काचेचे बारीक मणी, छोट्या चौकोनांत शिवलेले, त्यामुळे वजन एका बाजूला गोळा होत नाही. आपल्या वजनाच्या साधारण १० टक्के घ्या म्हणतात, मी थोडं जड घेतलं. टेंपल ग्रँडिन म्हणून अमेरिकेतल्या ऑटिस्टिक शास्त्रज्ञ आहेत, त्यांनाही माणसांची मिठी नकोशी व्हायची पण दाब हवा असायचा, म्हणून त्यांनी गुरं धरून ठेवायच्या चौकटीवरून स्वतःसाठी दाबाचं यंत्रच बनवलं होतं. हे त्यातलंच, फक्त कपाटात मावतं.

ऑफिस, हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळपर्यंत डोकं इतकं भरलेलं असतं की कोणी नुसतं शेजारी बसलं तरी नको होतं. आता आधी ट्यूबलाइट बंद करून ब्लँकेटखाली पडते, मग नवरा विचारतो "हात ठेवू का गं?" आणि ब्लँकेटवरूनच अख्खा तळवा दाबून ठेवतो, बोटं फिरवत नाही. कधी पुढे सरकतं, कधी तसेच झोपतो, आणि "आज नको" म्हटलं तरी आता कोणी फुगून बसत नाही. (डिओ पण बिनवासाचा घ्यायला लावलाय, ते जाऊदे.)

झोपेत म्हणाल तर फार फरक नाही. ब्रिटनमधे ऑटिस्टिक मुलांवर अभ्यास झाला होता, २०१४ला छापून आला, त्यातही झोप काही वाढली नव्हती, पण मुलांना आणि आईबापांना ब्लँकेट आवडलेलं.

कापड मात्र बेकार, ते मखमली मिंकी, नुसतं नख लागलं तरी शहारे येतात, शेवटी सुती खोळ शिवून घेतली. मे महिन्यात एसीशिवाय विसरा. ओलं झालं की उचलवत नाही, त्यामुळे खोळच धुवायची. आणि जोडप्यांनो, डबल घेऊ नका, दोघांची वजनं वेगळी असतात आणि एक जण कुशीवर वळला की अख्खं ओझं त्याच्याबरोबर जातं.

चार स्टार, एक कापला तो कापडाचा.