निळ्या मॉलीची पांढरी पिल्ले

मी सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांतील चुका काढत आलो आहे. त्यामुळे एका मासेविक्रेत्याने मला साडेतीन महिने सरळसरळ गंडवले, हे लिहिताना संकोच वाटतो. तरीही लिहितो, कारण रविवारी संध्याकाळी त्या दुकानातून मुलांचा हात धरून बाहेर पडणारे पालक मला आजही दिसतात आणि मुलांच्या हातांत त्याच निळ्या-गुलाबी माशांच्या पिशव्या असतात.

संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, धाकट्या मुलीच्या हट्टापायी आम्ही काचेची टाकी घ्यायला गेलो. दुकानदाराने २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकी पुढे केली, ती १०० लिटरची असल्याचे सांगितले आणि तिच्यात २० मासे आरामात राहतील अशी खात्री दिली. साधारण ६० × ३० × ३० सेंटिमीटर म्हणजे ५४,००० घनसेंटिमीटर, अर्थात ५४ लिटर. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या वर बसत नाही. रोज टॉवेलांची मापे आणि वजने तपासणाऱ्या मला हा गुणाकार तीन महिन्यांनी सुचला.

मॉली या लहान शोभेच्या माशाची साधी काळी जोडी ४० रुपयांना होती. शेजारच्या टाकीत मात्र शाईसारख्या निळ्या आणि गडद गुलाबी मॉली पोहत होत्या. त्या ‘इम्पोर्टेड’ आहेत, रंग जन्मजात आहे आणि म्हणून जोडी १८० रुपयांना पडेल, असे सांगण्यात आले. आम्ही त्याच दिवशी टाकी, फिल्टर आणि दिवा ३,२०० रुपयांना व निळ्या-गुलाबी मॉलीच्या १० जोड्या १,८०० रुपयांना घेतल्या. टाकीत पाणी भरून लगेच मासे सोडायला हरकत नाही, हेही त्यानेच सांगितले.

पहिल्याच आठवड्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले आणि एकेक करून मरू लागले. याचे कारण आज मला ठाऊक आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट व मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढावे लागतात, आणि नव्या टाकीत त्याला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. तोवर २० मासे सोडणे म्हणजे त्यांना त्यांच्याच घाणीत कोंडणे होय. दुकानदाराने मात्र सगळा दोष आमच्या बोअरच्या पाण्यावर ढकलला.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे वापरायला बोअरचे पाणी असते, आणि ते इतके जड आहे की बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो. ‘एवढ्या क्षारांत मॉली जगेल कशी?’ हा त्याचा प्रश्न मला पटला. त्याने आरओच्या, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याचे जार वापरायला सांगितले आणि पाण्याचा पीएच (हा आकडा ७ च्या खाली गेला की पाणी आम्ल) उतरवण्यासाठी १५० रुपयांची एक बाटली दिली. तिच्यावर ना कंपनीचे नाव होते, ना घटक, ना तारीख. शिवाय दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून वाळू व स्पंज नळाखाली खळखळून धुवावा, अशी ताकीद दिली. म्हणजे जे काही जिवाणू सात दिवसांत धरत, ते मी दर रविवारी स्वतःच्या हाताने मोरीत सोडून देत होतो आणि पुढच्या रविवारी नवे मासे आणायला जात होतो. त्याच्या बोलण्यात अर्धे सत्य होते, हेच जास्त घातक ठरले: पीएच जास्त असला की अमोनिया अधिक विषारी होतो हे खरे, पण त्यावरचा उपाय मासे कमी ठेवणे आणि थोडे-थोडे पाणी बदलणे हा आहे, मॉलीचे पाणी आम्ल करणे हा नव्हे.

आरओच्या पाण्यात गेल्यावर मासे वेगळ्याच तऱ्हेने आजारी पडले. पंख मिटून ते एकाच जागी उभे राहत आणि पुढे न सरकता अंग डावीकडे-उजवीकडे हलवत राहत, जणू थंडीने कुडकुडत आहेत.

मार्चअखेर ही गोष्ट मी कारखान्यातील आमचे जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारे, अण्णा यांना सांगितली. ते शहराच्या पूर्व भागात राहतात आणि मागच्या अंगणातील सिमेंटच्या हौदात कित्येक वर्षांपासून काळ्या मॉली पाळतात. ते घरी आले, माशांकडे पाहिले, माझी बाटली हुंगली आणि म्हणाले, ‘‘अहो साहेब, गोडं पाणी पाजून मारलं तुम्ही त्यांना. मॉलीला आपलं बोअरचं मचूळ पाणीच मानवतं.’’ मॉली मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. किनाऱ्याजवळच्या निमखाऱ्या पाण्यातही ती राहते आणि तिला ७.५ ते ८.५ पीएचचे जड पाणी लागते. चाचणी-संच आणून तपासले तेव्हा आमच्या बोअरचा पीएच ८ च्या आसपास निघाला आणि टाकीतला ६ च्या जवळ. ज्या पाण्याची मला लाज वाटत होती, ते या माशासाठी सोलापुरात आयते मिळणारे उत्तम पाणी होते.

अण्णांनी स्वतःच्या घरातील टाकीचा मळका स्पंज आणून आमच्या फिल्टरमध्ये बसवला, एकदम बदल न करता दोन आठवड्यांत हळूहळू बोअरच्या पाण्यावर यायला सांगितले आणि पुढे आठवड्याला फक्त पाव पाणी बदलायचे, स्पंज काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा, असे बजावले. विकत घेतलेल्या ३४ माशांपैकी तोवर ३ उरले होते. ते तिन्ही जगले.

एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांतल्या निळ्या मादीने पिल्ले घातली. मॉली अंडी न घालता जिवंत पिल्ले देते आणि मादी नराचे वीर्य कित्येक आठवडे साठवून ठेवते, त्यामुळे टाकीत नर नसतानाही हे घडले. वनस्पतीच्या मुळांशी लपलेली, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची वीसेक पिल्ले होती आणि सगळी पांढरी होती. तेव्हा मी आईकडे नीट पाहिले. तिच्या पोटावरचा रंग पूर्ण गेला होता आणि पाठीवर, खवल्यांच्या कडांना तेवढा निळसरपणा शिल्लक होता. आमच्या कारखान्यात नव्या लॉटवर ओले पांढरे फडके घासून रंग कच्चा की पक्का हे ठरवतात. माशाच्या बाबतीत ते ठरायला तीन महिने लागले. असे मासे कुठे सुई टोचून, तर कुठे अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर काढून रंगात बुडवून तयार केले जातात, आणि त्यात वाचलेला मासा रोगाला लवकर बळी पडतो. मॉली काळी, पांढरी, सोनेरी, चंदेरी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची असते. शाईसारखी निळी किंवा रंगपंचमीच्या गुलालासारखी गुलाबी दिसली, तर दुकानातून बाहेर पडावे.

वहीतला हिशेब असा निघाला: टाकी ३,२००, मासे एकूण ३,०६०, चार बाटल्या ६००, आरओचे २२ जार ६६०, बेरीज ७,५२० रुपये. वही घेऊन मी दुकानात गेलो. पिल्लांचा बाप पांढरा असेल, असे तो म्हणाला. मग आईचा रंग कसा उडाला, यावर तो म्हणाला की तुमचे पाणीच खराब आहे. बिल मागितले, तर माशांचे बिल कोण देतो, असे विचारून हसला. मागूनही बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. मी बहुतेक पैसे रोख दिले होते. फोनवरून केलेल्या दोनच भरण्यांची नोंद हाती होती, आणि तेवढ्यावर मी तक्रार केली आहे.

मी निघालो तेव्हा त्याने हाक मारून थांबवले आणि वाद मिटवायचा म्हणून जाळीने एक जोडी काढून पिशवीत बांधली. ती पुन्हा निळीच होती.